टाकीच्या तळाशी मी होतो

मी आर्गॉन बोलतोय. मागे वळून बघू नका, दिसणार नाही. मला रंग नाही, वास नाही, चव नाही. तरी तुमच्या उशाशी मी आहे, तुमच्या छातीतही आहे. हवेच्या शंभर भागांत जेमतेम एक. तुम्हाला कधी माझी शंका आली? नाही ना? मला मात्र सगळ्यांची येते.

स्वभावच तसा. तो ऑक्सिजन बघा. लोखंड दिसलं की गंज, लाकूड दिसलं की आग. इतकी सलगी करणाऱ्याच्या मनात काय असतं देव जाणे. मी कुणाशी संयोग करत नाही. माझ्या बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन, म्हणजे घर भरलेलं. कुणाकडून घ्यायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. आमचं घराणंच असं. हेलियम हलका, फुग्यात बसून वर पळतो. निऑन दुकानांच्या पाट्यांवर लाल होऊन मिरवतो. क्रिप्टॉन आणि झेनॉन भेटतच नाहीत. रेडॉनचं लक्षण ठीक नाही, त्याच्याबद्दल मी बोलत नाही. माणसांनी आधी मला आळशी म्हणून नाव ठेवलं आणि मग एकाएकी आम्हा सगळ्यांना राजवायू म्हणायला लागले. इतका मान फुकट मिळत नसतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

माझा जन्म खडकातला. पोटॅशियमचा एक प्रकार फार सावकाश बदलत जातो, त्यातून मी झालो आणि भेगांतून हवेत आलो. युगानुयुगं नुसता हिंडलो. मग एका कारखान्यात मला हवेसकट गोठवून पातळ केलं. पुन्हा ऊब मिळाली तेव्हा नायट्रोजन आधी उकळून गेला, ऑक्सिजन मागे रेंगाळला आणि मधल्यामध्ये मला नेमकं उचललं. तिथून सिलिंडरमध्ये आणि सिलिंडरमधून फिलिपिन्समधल्या मालाबोनला.

खाडीकाठी पुरिंग नावाच्या बाईची शेड होती. सगळे तिला अते पुरिंग, म्हणजे पुरिंगताई, म्हणत. मासळीचा पातिस, म्हणजे खारट रस, मुरवायच्या स्टीलच्या उंच टाक्या तिथं बनत. माझं काम एकच: वितळलेल्या स्टीलभोवती उभं राहायचं आणि ऑक्सिजनला फिरकू द्यायचं नाही. रखवालदारी मला आवडली. संशयी जीवाला दुसरं काय जमणार?

मुख्य वेल्डर कुया लांदो, म्हणजे लांदोदादा. हात सोन्यासारखा, मन मात्र माझ्याहून संशयी. वेल्डिंगचा टॉर्च त्यानं स्वतःच्या पैशांनी घेतला होता आणि त्याला कुणाचा हात लागलेला त्याला खपत नसे.

त्या सोमवारी सेनिंग कामावर आली. तीही वेल्डर, दूरच्या कापीस प्रांताची. दोन पोरं आणि आई गावी, तिच्या पगाराकडे डोळे लावून बसलेली.

"कापीसची?" लांदो बादोंगला म्हणाला. बादोंग सांधे घासून चकचकीत करायचा. "तिकडे अस्वांग असतात. दिवसा बाई, रात्री माणसं खातात."

सेनिंगनं ऐकलं. "कुया, मी माणसं खात असते तरी तुम्हाला सोडलं असतं. फार चिवट दिसता."

सगळे हसले, लांदो सोडून.

त्याच दुपारपासून तो जेवायला जाताना आपला टॉर्च नळीसकट टाकीत, तळापर्यंत सोडून ठेवू लागला. तिथं ही बाई कशाला उतरतेय? सिलिंडर चालूच असे. टॉर्चची चावी झिजलेली, नीट बंद होत नव्हती. तेवढ्या फटीतून मी गुपचूप बाहेर येत राहिलो. मी हवेपेक्षा जड, त्यामुळे वर न जाता विहिरीला पाणी लागावं तसा खालून साठत गेलो.

मंगळवारी जेवणानंतर बादोंग सांधे घासायला उतरला. त्याला एकदम घेरी आली. शिडीत हात अडकवून लोंबकळला म्हणून वाचला.

"सकाळी सेनिंगनं दिलेली सुकी मासळी खाल्ली होती मी," तो धापा टाकत म्हणाला.

"ती आल्यापासूनच हे सुरू झालंय," लांदो म्हणाला.

ते खरंच होतं. पण का, ते मला एकट्याला माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं. टाकीच्या तोंडाशी त्यांनी लसणाची माळ टांगली. लसणाला निदान वास तरी असतो.

बुधवारी दुपारी अते पुरिंग चर्चमधून मंतरलेली मेणबत्ती घेऊन आली. तारेला बांधून तिनं ती आत सोडली. शिडीच्या खालून सातव्या पायरीशी ज्योत विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा तिथंच विझली. तिसऱ्यांदाही तेच.

"येशू, मारिया, जोसेफ!" अते पुरिंगनं छातीवर क्रूस काढला. मग सेनिंगकडे न बघता म्हणाली, "माझा तुझ्यावर राग नाही गं. पण माणसं घाबरलीत. उद्यापासून येऊ नकोस."

सेनिंग पिशवी भरू लागली.

"चला, आता कसली भीती?" म्हणत लांदो टाकीत उतरला.

मी त्याचा गळा दाबला नाही. विष दिलं नाही. मी फक्त ऑक्सिजनची जागा अडवून बसलो होतो. त्यानं श्वास घेतला, छाती भरली, म्हणून गुदमरल्यासारखंही वाटलं नाही. दोन-तीन श्वासांत तो खाली पडला. मला काहीच करता येत नाही याचा मला आयुष्यभर अभिमान होता. त्या क्षणी त्याचीच लाज वाटली.

"कुया!" बादोंगनं टाकीत पाय टाकला. सेनिंगनं त्याची कॉलर धरून मागे ओढलं.

"मरायचंय? मेणबत्ती तीनदा एकाच पायरीशी विझली. भूत काय पायऱ्या मोजून बसतं? तिथून खाली श्वास घ्यायला हवाच नाहीये!"

तिनं धावत जाऊन सिलिंडर बंद केला, कॉम्प्रेसरची नळी ओढून आणली आणि थेट लांदोच्या तोंडाशी सोडली. हवेचा झोत घुसला. मी ढवळून निघालो, काठावरून बाहेर सांडलो. जा, जा, असं मीच मला म्हणत होतो. अखेर तळातून खोकल्याचा आवाज आला. दोर टाकून त्याला वर काढलं.

बादोंगनं टाकीतली दुसरी नळी ओढली, तसा टोकाला टॉर्च वर आला. सगळे लांदोकडे वळले.

"मीच ठेवत होतो," जमिनीवर पडल्यापडल्या लांदो म्हणाला. "ती आल्यापासून. ती चोरेल म्हणून."

"ते ठीक आहे," बादोंग पुटपुटला, "पण हिलाच बरोबर कसं कळलं?"

"तोंड मीट!" लांदो ओरडला आणि रडायला लागला.

अते पुरिंगनं सेनिंगची पिशवी धरली. "राहा गं. चुकलं आमचं."

"आज टाकीत वायू सापडला म्हणून मी सुटले, अते," सेनिंग म्हणाली. "ज्या दिवशी काहीच सापडणार नाही, त्या दिवशी?"

पिशवी सोडवून घेऊन ती निघून गेली.

त्या झोतानं मीही सुटलो. आता पुन्हा मोकळ्या हवेत आहे, शंभरात एक, निरुपद्रवी. पण माझे भाऊबंद अजून सिलिंडरांत आहेत. बंद टाकीत, खोल खड्ड्यात उतरण्याआधी थांबा. वास येत नाही, काही दिसत नाही, तिथंच आधी आमचा संशय घ्या. खुशाल घ्या. मला काही चिकटत नाही. माणसाला चिकटतं.