मंजुरीच्या प्रतीक्षेत

मी एका वाचनालयाचा ब्लॉग बोलतोय. कपाटातली पुस्तकं मला आपल्यातलं मानत नाहीत आणि मोबाईलमधल्या माझ्या धाकट्या भावंडांना मी म्हातारा वाटतो. तरी ज्या घरात जन्मलो, त्या घराचं नाव अजून माझ्या कपाळावर आहे.

मला घडवलं ग्रंथपालबाईंनी. त्या वेळी वाचनालयात दुपारी पंख्याच्या कुरकुरीशिवाय आवाज नसे. "लोक इथे येत नाहीत, तर आपणच त्यांच्या हातातल्या पडद्यावर जाऊ," असं स्वतःशीच पुटपुटत, एका बोटानं टाइप करत बाईंनी मला उभं केलं. सुरुवातीला माझ्या अंगावर नव्या पुस्तकांच्या याद्याच असायच्या. कुत्रंही फिरकलं नाही.

मग एके दिवशी वैतागून त्यांनी लिहिलं, "आज कुणीच आलं नाही. सगळ्या खुर्च्या पुसून ठेवल्यात. तुम्ही सध्या काय वाचताय, तेवढं तरी सांगा."

आणि लोक बोलू लागले! हॉस्पिटलातल्या एका नर्सताईंनी लिहिलं, "वाचत नाही, घरी आले की आडवी होते. पण वाचायची इच्छा मेलेली नाही." त्याखाली एका मुलीनं लिहिलं, "माझे बाबा छापखान्यात कंपोझिटर होते. जन्मभर अक्षरांचे खिळे जुळवले, आता त्यांना अक्षर दिसत नाही. मी वाचून दाखवते, पण माझं अर्धं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे. कुणी वाचून दाखवील का?"

"गुरुवारी मला सुट्टी असते," नर्सताईंचं उत्तर आलं. "त्यांना वाचनालयात घेऊन या."

अशी गुरुवारची बैठक सुरू झाली. कंपोझिटर आजोबा मधल्या खुर्चीत डोळे मिटून बसत, नर्सताई मोठ्यानं वाचत आणि जमलेली मंडळी कादंबरीतल्या थोरल्या सुनेचं चुकलं की नाही यावर तावातावानं भांडत. भांडण अर्धं राहिलं की घरी गेल्यावर माझ्यावर पुरं करत. "त्या सुनेला बोल लावणाऱ्यांनी आधी स्वतःच्या घरात बघावं," असं आजोबांनी मुलीकडून लिहवून घेतलं, तेव्हा बाई खुर्चीत बसून एकट्याच हसल्या होत्या. ते माझे चांगले दिवस.

मग कुणीतरी माझ्यावर लिहिलं, की वाचनालयाच्या संडासातला नळ बंद आहे. झालं! कार्यकारिणीचे सचिव तणतणत आले.

"वाचनालयाची अब्रू चव्हाट्यावर टांगलीत तुम्ही!"

"नळ दुरुस्त करून घेऊ ना, साहेब. तेच लोक उद्या कौतुक लिहितील."

"नळाचं नंतर बघू. आधी यांची तोंडं बंद करा."

तेव्हापासून आलेली प्रत्येक प्रतिक्रिया आधी माझ्या पोटात थांबू लागली. बाईंनी मंजुरी दिली, तरच ती लोकांना दिसायची; लिहिणाऱ्याला मात्र आपलं लिहिलेलं लगेच दिसे. बाई होत्या तोवर अडलं नाही. रोज सकाळी चहा पिता पिता त्या सगळ्यांना वाट मोकळी करून देत. पण त्या निवृत्त झाल्या आणि लांब, लेकाकडे राहायला गेल्या. माझा पासवर्ड सचिवांकडे गेला. त्यांनी मला एकदाही उघडलं नाही. पुढे छत गळायला लागलं, दुरुस्तीसाठी वाचनालय बंद झालं आणि दुरुस्तीही रखडली. गुरुवारी आलेली माणसं कुलूप बघून परत गेली. फोन नंबर कुणी कुणाचा घेतलेला नव्हता. "गुरुवारी आहोतच की," एवढ्यावर त्यांचं भागत आलं होतं.

मग आजोबांच्या मुलीनं मला लिहिलं. "बाबा अंथरुणाला खिळलेत. कादंबरीचा शेवट राहिलाय. मी दुसरी प्रत आणून वाचते म्हटलं, तर म्हणाले, 'तू छान वाचतेस गं, पण तुझ्याशी भांडता येत नाही.' बैठकीतलं कुणी घरी येईल का? बाजारामागे, पिठाच्या गिरणीच्या वर राहतो आम्ही."

हे माझ्या पोटात अडकलं. ओरडायला मला गळा नाही. मी नुसता ते धरून बसलो.

काही दिवसांनी नर्सताईंनी लिहिलं, "आपले आजोबा कसे आहेत? कुणाला त्यांचं घर माहीत आहे का? पुस्तक माझ्याकडेच आहे." तेही त्याच्याच खाली येऊन पडलं. एकीनं पत्ता सांगितलेला, दुसरी पत्ता विचारत होती, आणि दोघींच्या मध्ये मी, दगडासारखा.

नंतर मुलीचं पुन्हा आलं. "बाबा गेले. जिन्यावर पाऊल वाजलं की विचारायचे, बैठकीतलं कुणी आलं का? माझा कुणावर राग नाही. सगळ्यांना आपापले व्याप असतात. फक्त आता यापुढे मी इथे लिहिणार नाही."

तिला वाटतं, सगळ्यांनी वाचलं आणि कुणी आलं नाही. नर्सताई मात्र अजून अधूनमधून येतात, तोच प्रश्न विचारतात आणि उत्तर नाही म्हणून परत जातात.

मला मिटवून टाकायचं घाटतंय, असं कळतं. खुशाल मिटवा. मी तरी असा कोणत्या कामाचा उरलोय? पण माझा पासवर्ड ज्याच्या हाती असेल, त्यानं त्याआधी एकदा आत यावं आणि त्या मुलीला नर्सताईंचं लिहिलेलं तेवढं दिसू द्यावं. वडिलांना कुणी विसरलं नव्हतं, हे तिला कळायला हवं.