घेर आणि रुंदी

काल भर जलाशयात जाळ्याची दोरी पंख्याच्या शाफ्टला, म्हणजे दांड्याला, गुंडाळली, इंजिन बंद पडलं आणि व्यंकटीची नाव सांडव्याकडे वाहत गेली; थोडक्यात बचावली. आज काठावर पंखा उतरवून, शाफ्टवर बसवायचा दोरी कापणारा कटर मागवण्यासाठी त्याने शाफ्टभोवती सुतळी गुंडाळून ती पट्टीवर मोजली.

"एकशे दहा मिलिमीटर."

बांगड्या विकणारी त्याची बायको राजकन्या हसली. "आवं, हा तर घेर झाला, माप रुंदीचं लागतं! घेरावर बांगडी दिली तर गिऱ्हाइकाच्या खांद्यापर्यंत चढंल."

तिने पेटीतलं तान्ह्या बाळाचं कडं शाफ्टवर सरकवलं. ते अलगद, नेमकं बसलं. मग पट्टीने तिने कड्याची आतली रुंदी मोजली. "पस्तीस."

व्यंकटीने मोबाइलवर कटरच्या मागणीत पस्तीस लिहिलं. कालपासून प्रथमच त्याने पाण्याकडे पाहिलं. ढग तळाशी जाऊन निजल्यासारखे दिसत होते.