रेमंडची चौकशी

अँजेलिनाने हातातली कोयती खाली ठेवली नाही. कुंपणापलीकडचा माणूस सभ्य दिसत होता, इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट. पण सभ्य दिसणारेच आधी येतात, हे एव्हाना आळीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं होतं.

"रेमंड वकील इथलेच ना?"

"होता इथला," ती केळीची सुकी पानं छाटत म्हणाली. "मी त्याची बहीन. पन वाटा विकून गेला तो. कित्येक वर्सं तोंड पाहिलं नाय."

"माणूस कसा आहे?"

"मला काय म्हायत?"

तो पुढे चार दारांशी थांबला आणि चारही ठिकाणी त्याला हेच ऐकायला मिळालं. शहाण्णव साल होतं. आगाशीच्या वाटेवरच्या एका वाडीची विहीर बिल्डरच्या माणसांनी रातोरात मातीने बुजवली होती, आणि आधी असाच एक जण गोड बोलून मालकाची माहिती घेऊन गेला होता. तेव्हापासून आळीचा नेमच झाला: परक्याने कुणाचं नाव काढलं की ओळखत नाही म्हणायचं. रेमंड तर साऱ्या आळीच्या वाड्यांचे बिल्डरविरुद्धचे खटले लढवत होता. त्याचं नाव लोक आपसांतही हळू घेत.

संध्याकाळी शेजारच्या प्लासिडमामाने हाक मारली. आळीतला एकुलता एक फोन त्याच्याकडे होता.

"बाय," पलीकडून रेमंड बोलत होता, "हायकोर्टाच्या जजसाठी माझं नाव गेलंय. सरकारचा मानूस चौकशीला येईल. घाबरू नको, खरं ते सांग."

"आला तर सांगेन," ती कशीबशी म्हणाली आणि फोन ठेवून तिथेच स्टुलावर बसली.

प्लासिड उभा जन्म जहाजावर काढलेला. म्हणाला, "अमेरिकेत जज नेमायचा तर तिकडचे खासदार त्याला टीव्हीपुढं बसवून उलटतपासनी घेतात. सगळ्या जगादेखत. आन आपल्याकडं एक जन कुंपनाशी उभा ऱ्हातो, नि आपन बोलू ते दिल्लीला जातं."

"मी बोलले ते गेलं असंल?"

"तुझं सोड. मी ओळखत नाय म्हनलो, नि वर सांगून बसलो, दारू पितो म्हनतात."

त्या रात्री तिने ताट तसंच बाजूला सारलं. आई गेल्यावर त्या पोराला तिनेच वाढवलं होतं, केळी विकून वकील केलं होतं. आणि आता आपल्याच जिभेने सगळ्यावर पाणी फिरवलं. दोन दिवस ती रस्त्याकडे डोळे लावून होती. देवा, त्याला पुन्हा पाठव, एवढंच मागणं.

शुक्रवारी मोटरसायकल थांबली. माणूस दुसरा होता, पण "रेमंड साहेबांची चौकशी" एवढं त्याने म्हणायचा अवकाश, तिने फाटक उघडलं. ओटीवर बसवलं, चहा दिला, आणि मागची सगळी भरपाई करायला बसली. भाऊ लाखात एक. दर शनिवारी येतो, उद्याही येईल. याच घरात झोपतो. रविवारी पहाटे चर्चला पहिल्या मिस्साला जातो, बावखलाच्या तळ्याकाठाने, पाण्यालगतच्या पायवाटेने.

"एकटेच?"

"एकटाच," ती अभिमानाने म्हणाली. "भीत नाय कोनाला."

माणसाने चहा संपवला.

शनिवारी दुपारी बूटवाला परत आला. या वेळी त्याने खिशातून ओळखपत्र काढून दाखवलं.

"बाई, सगळी आळी एकच पाठ केलेलं वाक्य बोलते तेव्हा आम्हाला काय ते कळतं. चांगलंच लिहिलंय मी. एकच राहिलं, त्यांना कुणाची धमकी आहे का?"

अँजेलिनाचा जीव भांड्यात पडला. "बाकी सगळं तुमच्या त्या दुसऱ्या साहेबांना सांगितलंय."

"दुसरे कोण? या चौकशीवर मी एकटाच आहे."

ती पायरीवर बसली. काय काय सांगितलं ते तिने एकेक करून त्याला सांगितलं, तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"मी वर कळवतो," तो घाईने निघाला. "पण वरून खाली यायला वेळ लागतो, बाई. त्यांना येऊ देऊ नका."

प्लासिडने रेमंडच्या मुंबईच्या घरी फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. दिवेलागणीला रेमंड दारात हजर. तिने रडत रडत सगळं सांगितलं.

"तू खरं तेच सांगितलंस, बाय. पन भिऊन मी मिस्सा चुकवला, तर उद्या त्या खुर्चीवर बसून काय न्याय देनार?"

तो हातपाय धुवायला गेला, तशी ती मागच्या दाराने प्लासिडकडे गेली.

पहाटे रेमंडने दार उघडलं तर अंगणात अख्खी आळी उभी. पुरुष सगळे रेमंडसारखेच पांढऱ्या शर्टात. त्यांत कधी चर्चची पायरी न चढलेला हिंदू शेजारी आत्माराम भंडारीसुद्धा.

"तू मिस्साला, आत्माराम?"

"वाटलं आज जावं," आत्माराम म्हणाला.

बावखलाजवळची वाट शेवाळलेली. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले होते. वळणावर मोटरसायकल उभी होती आणि तिच्यावर दोघे. शुक्रवारी चहा पिऊन गेलेला उतरला, सरळ अँजेलिनासमोर आला.

"बाई, यांत तुमचा भाऊ कोणता?"

रेमंडचं मनगट तिच्या मुठीत होतं.

"कोन भाऊ?" ती म्हणाली. "मी ओळखत नाय."

"मी पन नाय," मागून प्लासिड म्हणाला.

"मी नाय ओळखत," आत्माराम पुढे सरकला. मग त्याच्या मागचा, मग बाया, एकेक करून सगळी रांग.

रेमंडने बोलायला तोंड उघडलं. तिने त्याचं मनगट करकचून आवळलं, लहानपणी याच पाण्याकाठून नेताना आवळायची तसं. त्याने तोंड मिटलं. चर्चची घंटा झाली, तो माणूस वाटेतून बाजूला सरला, रांग पुढे निघाली, आणि तिने हात सोडला नाही.