बाक करकरलं तर हाक मारा

आमच्या पंथात गेलेल्या माणसाचं स्मरण उभं राहून ऐकायचं आणि बातम्या बसून ऐकायच्या, अशी रीत आहे. कुणी घातली ते मला विचारू नका. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीचं मासिक निघतं आणि उपासनेच्या शेवटी मी ते पुढे उभी राहून वाचते, कारण ते मीच काढते. आधी स्मरणपान. सगळे उठतात, माझं वाचून होईपर्यंत कुणी खोकतसुद्धा नाही. मग बातम्या. तेव्हा सगळे बसतात, पाय लांब करतात आणि बायका पर्समध्ये किल्ल्या चाचपायला लागतात.

मासिक काढते म्हणजे माझ्या शिवणाच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर. एका बाजूला कुणाच्या तरी शर्टाच्या बाह्या, दुसऱ्या बाजूला बारशांच्या, लग्नांच्या नि चर्चच्या पाण्याच्या मोटरच्या बातम्या. आमचे हे शेजारी बसून काज-बटण करतात आणि माझ्या मजकुरातल्या चुका काढतात. मला चिडवायला 'संपादकीणबाई' म्हणतात. मी चिडते. माझ्या नाकावर राग असतो हे अख्ख्या मंडळीला ठाऊक आहे, आणि वेळेला तो उपयोगी पडतो हेही.

त्या दिवशी नर्सबाई दुकानात आल्या आणि स्टुलावर बसल्या. आमच्या मंडळीतली निम्मी पोरं त्यांच्या हातात जन्मली. कुणाकडे काही मागायला आलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"दादा गेला," त्या म्हणाल्या. "कळलंच असेल तुला. त्याचं स्मरण घाल गं मासिकात."

मी कात्री खाली ठेवली. त्यांचा दादा म्हणजे सुतारदादा. आमच्या चर्चमधलं एकूण एक बाक त्यांच्या हातचं. पण ती बाकं झाली आणि ते जे गेले ते पलीकडच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या पंथाच्या मंडळीत. पुन्हा आमच्या दारात पाऊल टाकलं नाही. आणि आमचा नियम असा, की स्मरणपान फक्त सभासदाचं.

भांडण कशावरून झालं होतं, हे ऐकून माणसाला हसावं की रडावं कळत नाही. सुतारदादांनी बाकांच्या पाठी जरा मागे कललेल्या ठेवल्या होत्या, म्हाताऱ्यांना टेकता यावं म्हणून. तेव्हाच्या पाळकांना ते खपलं नाही. अशा बाकांवर लोक पेंगतील, पाठी सरळ करून द्या, असं त्यांनी भर उपासनेत सुनावलं. सुतारदादा तिथंच उठून म्हणाले, "पाठ दुखत असलेली माणसंच देवाला आवडतात, असं कुठं लिहिलंय?" शेवटचं बाक त्यांनी तसंच, कललेलं, पुरं केलं, हत्यारं पिशवीत भरली आणि गेले. ते पाळकही पुढे दुसरीकडे गेले. बाकं मात्र राहिली, आणि आम्ही त्यांच्यावर टेकून राहिलो.

"जाताना दारात काय म्हणाला माहीत आहे?" नर्सबाई म्हणाल्या. "म्हणाला, बाक करकरलं तर हाक मारा, मी येईन. तुला सांगते, तो वाट बघत होता. दर रविवारी संध्याकाळी माझ्याकडे यायचा आणि चहा घेता घेता विचारायचा, काय, करकरतंय का एखादं? मी म्हणायची, नाही रे दादा. मग कप खाली ठेवून निघायचा. आपणहून परत यायचं तर मान खाली घालावी लागली असती, आणि ते तर आमच्या घरात कुणालाच जमत नाही. कामासाठी बोलावलं असतं तर धावत आला असता."

"मग खोटं सांगायचं होतं. एखादं करकरतंय म्हणून."

"त्याच्या कामाबद्दल खोटं? मला जिवंत ठेवलं नसतं त्यानं."

आमच्या ह्यांच्या हातातली सुई थांबली होती. नर्सबाईंनी पदराने डोळे टिपले आणि सरळ माझ्याकडे बघितलं. "आयुष्यभर मी त्या बाकांवर एकटी बसले. तो तिकडे, मी इकडे. आता एवढंच हवंय, की एकदा त्या भिंतींच्या आत लोक त्याच्यासाठी उभे राहिलेले मला बघायचेत. मग मी मरायला मोकळी."

"मरायचं नंतर बघू," मी म्हटलं. "आधी चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांच्या ऑफिसात गेले. आमचे आत्ताचे पाळक तरुण आहेत, मनाने चांगले आहेत आणि वकीलसाहेबांना घाबरतात. वकीलसाहेब म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांचे चिटणीस. ते खुर्चीत उशी पाठीशी घेऊन बसले होते, कारण त्यांच्या मणक्याचं दुखणं जुनं आहे. मी सगळं सांगितलं. पाळकसाहेबांनी वकीलसाहेबांकडे बघितलं.

"बाई, माणूस चांगला होता, वाद नाही," वकीलसाहेब म्हणाले. "पण सभासद नव्हता. एकाला सवलत दिली की उद्या दहा येतील. नियम म्हणजे नियम."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण चिडून वकिलाशी भांडण्यात अर्थ नसतो, तिथं ते पटाईत. मी आवाज खाली आणला.

"बरं. आणि बातमीला सभासद असावं लागतं का?"

"बातमीला कसं लागेल?"

"तेच म्हणते मी. गेल्या अंकात आपण तुमच्या जावईबापूंच्या बढतीची बातमी छापली. फोटोसकट. जावईबापूंनी चर्च आतून बघितलंय का हो कधी?"

पाळकसाहेबांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. वकीलसाहेबांनी उशी सारखी केली, पुन्हा सारखी केली.

"बातमी द्या," ते शेवटी म्हणाले. "पण बातमीसारखी. बातम्यांच्या पानावर. लोकांना उभं राहायला सांगायचं नाही."

"मी कुणालाही काही सांगणार नाही," मी म्हटलं आणि निघाले.

नर्सबाईंना मात्र ते मुळीच आवडलं नाही. दुकानाच्या दारातच उभ्या राहून त्यांनी ऐकलं. "म्हणजे पाण्याच्या मोटरच्या बातमीशेजारी माझा दादा? लोक किल्ल्या शोधत ऐकणार ते. नको मग. त्यापेक्षा राहू दे."

"नर्सबाई, तुम्ही बाळंतिणीला सांगायचात ना, माझ्यावर सोपव आणि गप्प पड?"

"हो."

"मग आता तुम्ही पडा गप्प."

त्या हसल्या नाहीत, पण गेल्याही नाहीत. स्टुलावर बसल्या आणि मी लिहायला घेतलं. सहा वेळा तरी खोडलं असेल. मी जिथं जिथं मोठे शब्द घातले, तिथं तिथं आमच्या ह्यांनी बोट ठेवलं. 'थोर', 'निःस्वार्थ', 'दीपस्तंभ', सगळे गेले. "कपड्याला झालर लावतेस का?" हे म्हणाले. मला राग आला, कारण ते बरोबर होतं. शेवटी बातमी उरली ती शर्टाच्या कॉलरएवढी.

रविवारी स्मरणपानावर त्या महिन्यात कुणीच नव्हतं, म्हणून मंडळी बसलेलीच होती. नर्सबाई पहिल्या बाकावर, हात मांडीत घट्ट धरून. वकीलसाहेब त्यांच्या नेहमीच्या जागी, खांबाशेजारी. मी एक बारसं वाचलं, एक साखरपुडा वाचला. पर्स उघडल्याचे आवाज सुरू झाले. मग मी ती बातमी वाचली.

"आपल्या नर्सबाईंचे मोठे बंधू, ज्यांना आपण सुतारदादा म्हणत होतो, ते गेल्या महिन्यात वारले. आपण आता ज्यांवर बसलो आहोत ती बाकं त्यांनी केली. आपल्या पाठी दुखू नयेत म्हणून त्यांनी ती जरा कललेली केली, आणि त्यावरून बोलणं ऐकून घेतलं. जाताना ते म्हणाले होते, बाक करकरलं तर हाक मारा. मग ते मरेपर्यंत त्या हाकेची वाट बघत होते. त्यांचं एकही बाक करकरलं नाही, म्हणून आपण त्यांना कधी हाक मारली नाही."

मी थांबले. पुढे काही लिहिलेलंच नव्हतं.

किल्ल्यांचा आवाज बंद झाला होता. लोक आपापल्या बाकाकडे बघत होते, कुणी हात फिरवत होतं, कुणी मागे टेकून बघत होतं, जणू पहिल्यांदाच टेकतंय. मी खांबाकडे न बघायचं ठरवलं होतं, पण बघितलं. वकीलसाहेब पुढच्या बाकाची कड धरून उठत होते. त्यांना उठायला वेळ लागतो. पुरते उभे राहिल्यावर त्यांनी कोटाचं बटण लावलं आणि हात पुढे जोडले. त्यांच्यामागची रांग उठली, मग पलीकडची, मग सगळी मंडळी. पाळकसाहेब तर कधीच उभे होते. मी शब्दाला जागले, कुणालाही काही सांगितलं नाही.

नर्सबाई एकट्या बसलेल्या होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेका चेहऱ्याकडे, हवा तेवढा वेळ बघून घेतलं. मला माझ्या कागदावरचं काही दिसेना झालं होतं.

"बसा आता," त्या म्हणाल्या. वॉर्डात बोलायच्या तसाच आवाज. "त्यानं ती बसायला केली होती."

सगळी मंडळी एकदम बसली. म्हातारे, पोरं, अंगानं भरलेले आमचे मोठ्या आवाजाचे गायक, वकीलसाहेब, सगळे एका वेळी. आम्ही सगळ्यांनीच कान दिला, न ठरवता. एकही बाक करकरलं नाही.

नर्सबाईंनी आपल्या बाकाच्या कडेवर हात ठेवला.

"एखादं तरी कच्चं ठेवायचं होतंस रे, दादा," त्या म्हणाल्या.

मी चष्मा पुसला आणि पाण्याच्या मोटरची बातमी वाचायला घेतली.