मिठाच्या पाण्याचा गंज

मी एक जुना अँप्लिफायर बोलतोय. रेकॉर्ड प्लेअरचा बारीक आवाज घ्यायचा आणि घर दणाणून सोडायचं, एवढंच माझं काम. त्यात मी कधी कसूर केली नाही, आणि त्याचीच मला लाज वाटते.

माझा मालक छापखान्यात मुकादम होता. चारचौघांत साखरेसारखा गोड. घरी मात्र शर्टाला इस्त्री नव्हती, पाणी द्यायला उशीर झाला, कसलंही निमित्त त्याला पुरायचं. मग तो रेकॉर्ड लावायचा, माझं आवाजाचं बटण उजवीकडे पार शेवटपर्यंत फिरवायचा आणि कमरेचा पट्टा काढायचा.

बायकोचे केस धरून तो तिचं डोकं भिंतीवर आपटायचा, तेव्हा माझ्यातून व्हायोलिन वाजत असायचं. एकदा त्याने तिचं मनगट पिरगाळून मोडलं. तिचं ते ओरडणंही मी गिळलं. शेजारी म्हणायचे, "काय हौशी माणूस आहे हो!" सहा वर्षांच्या मुलाला आतल्या खोलीत कोंडलेलं असायचं. त्याच्या कानावर फक्त गाणी पडायची.

एका दुपारी ती भांडंभर पाण्यात मूठमूठ मीठ कालवून माझ्यासमोर उभी राहिली. वरच्या जाळीतून तिने ते सगळं माझ्यात ओतलं.

"आता कर आवाज," ती म्हणाली.

संध्याकाळी मालकाने बटण फिरवलं. माझ्या आत फट् झालं आणि मी कायमचा गप्प झालो. तो भडकला, आणि भडकलेला माणूस कुठला थांबतोय! पट्टा सुटला. तिची किंकाळी पहिल्यांदाच जिन्यापर्यंत पोचली. समोरच्या शिंप्याने लाथा घालून दार तोडलं. वरच्या मजल्यावरच्या बाईने मालकाच्या पाठीत लोखंडी सळई घातली, तेव्हा कुठे त्याची पकड सुटली. पोलीस त्याला घेऊन गेले आणि तो पुन्हा त्या घरात आला नाही. मुलाला तिने सांगितलं, बाबा नोकरीसाठी परगावी गेले. तिथे तिचं चुकलंच.

मी माळ्यावर गेलो. तीस वर्षं मीठ मला खात राहिलं. खरं सांगतो, माझ्या आयुष्यातली सुखाची वर्षं ती.

मग त्या मुलाने मला खाली काढलं. आता तो चांगला बाप्या झालेला, वर्षभरापूर्वी लग्न झालेला. मला घेऊन तो एका कारागिराकडे गेला. "आतलं काही करू नका. बाबांची आठवण म्हणून दिवाणखान्यात ठेवायचाय. दिसायला नवा झाला पाहिजे."

कारागिराने तारेच्या ब्रशने माझी सालटं काढली. स्क्रू व्हिनेगरमध्ये बुडवले, पत्रा काचपेपरने घासला, ट्रान्सफॉर्मरच्या टोपीला काळा रंग दिला. माणूस भला, पण त्याला एक खोड होती. वस्तू परत देताना तिच्या गंजाची हकीकत सांगितल्याशिवाय त्याला राहवत नसे.

मुलगा आईला घेऊन मला न्यायला आला, तेव्हा कारागीर सहज बोलून गेला, "दमट हवेचा गंज कडांनी चढतो. हा वरून ओघळत आलाय. आत मिठाचे पापुद्रे होते. कुणीतरी मुद्दाम ओतलंय बघा."

"मी ओतलं," आई म्हणाली.

"तू?" मुलाचा चेहरा लाल झाला. "बाबांची एकच वस्तू उरली होती माझ्याकडे! तीही तू... म्हणूनच गेले ते घर सोडून!"

त्याने डाव्या हाताने आईचं मनगट धरलं. उजव्या हाताने माझं बटण शेवटपर्यंत फिरवलं. मग तो हात वर उचलला.

मी नुसता दिसायला नवा होतो. माझ्यातून काहीच वाजलं नाही. त्याची अर्वाच्य शिवी रस्त्यावर ऐकू गेली, पलीकडचा न्हावी वस्तरा हातात तसाच धरून दारात आला. कारागिराने पुढे होऊन मुलाचा हात पकडला.

आई ओरडली नाही की रडली नाही. ती माझ्या बटणाकडे बघत होती.

"हे का फिरवलंस?"

"कशाला... माहीत नाही. सवयीने."

"कसली सवय? तुझा बापही आधी हेच करायचा. आवाज वाढवायचा, मग मला मारायचा. घरच्या नव्या म्युझिक सेटचा आवाज तू कधी वाढवतोस रे?"

त्याने मान खाली घातली. तिने मनगट सोडवून घेतलं आणि पायात चपला सरकवल्या.

"आई, कुठे चाललीस?"

"सुनेकडे."

तो मागे धावणार होता, पण कारागीर आणि न्हावी दारात आडवे उभे राहिले.

मी अजून त्याच दुकानात आहे, चकाचक आणि मुका. कुणी मला न्यायला येऊ नये, आणि आलंच तर दुरुस्त करू नये. तुमच्याकडे एकच मागणं आहे. शेजारच्या घरात अचानक गाणी मोठ्याने लागली, तर कौतुक करत बसू नका. दार वाजवा. उघडलं नाही, तर तोडा.