बुटांखालच्या सळया

मुकुंदराव पाठक पडलेल्या बांधकामांचं पोस्टमॉर्टेम करत. लग्नाच्या पंगतीतही त्यांची नजर ताटाआधी हॉलच्या तुळयांकडे जायची. "जेवा आता, पडलं तर कळेलच," असं बायको उमा म्हणायची. पण मुकुंदरावांना आपल्या विद्येचा भारी तोरा.

पुंडलिकनगरात तात्यासाहेबांच्या घराची गॅलरी एका दुपारी धाडकन खाली आली. माणसं वाचली, स्कूटरचा मात्र चुराडा झाला. घर तात्यासाहेबांनी दोन वर्षांपूर्वी विकत घेतलेलं, बांधणारा गवंडी मल्हारी पडेगावचा. त्याच्यावर पोलीस केस करायची का, ते मुकुंदरावांच्या अहवालावर ठरणार होतं. नुसत्या बातमीनंच त्याच्या हातची दोन कामं गेली होती.

मुकुंदरावांना दहा मिनिटं पुरली. भिंतीबाहेर आलेल्या गॅलरीत सळया वरच्या अंगाला लागतात. इथं त्या तळाशी जाऊन बसल्या होत्या. म्हणजे काँक्रीट पडायच्या आधी कोणीतरी तुडवलेल्या.

"सळयांखाली टेकू लावले नव्हतेस ना?"

"लावले व्हते साहेब. बिरोबाची आन."

मल्हारीची बायको कस्तुराबाई त्याच्याच हाताखाली घमेली वाहायची. ती पुढं झाली. "माल टाकायच्या आधी एक साहेब आला तपासाय. सळयांवर बुटानं हिंडला, मधोमध उभा ऱ्हाऊन फोटो काढून घेतला. मी म्हनलं, फळीवरून चाला. तर म्हनला, बाई, मला शिकवू नका. हे सळया उचलाय गेले, तर म्हनला, मी तपासलंय, आता हात लावायचा नाय."

"कोण हा गाढव?" मुकुंदरावांना चेव आला. "अशा माणसाला बांधकामाच्या आसपास फिरकू देऊ नये. नाव सांगा, अहवालात घालतो!"

"नाव नाय ठाव. केस लई व्हते डोक्यावर. पिवळी टोपी, तिच्यावर गणपती चिकटवलेला."

मुकुंदरावांचा हात आपसूक टकलावर गेला.

औरंगपुऱ्यातल्या ऑफिसात, त्यांच्याच खुर्चीमागं, सहा वर्षांपासून तो फोटो लटकत होता; कुठल्या बांधकामावरचा, हे ते कधीच विसरले होते. भरघोस केस, पिवळी टोपी, टोपीवर गणपती, कमरेवर हात आणि बुटांखाली दबलेल्या सळया. मागं घमेलं घेतलेली एक बाई बोट दाखवत होती. "बघा, मजूरसुद्धा कौतुकानं दाखवतायत," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आले होते. बाईचं बोट बाजूला पडलेल्या फळीकडे होतं, हे ऑफिसात परतल्यावर त्यांना आज दिसलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोण ओळखणार आहे, असाही विचार आला. चहाचा कप संपेपर्यंत त्यांनी तो जपून ठेवला. मग लिहायला घेतलं: "गवंड्याचा दोष नाही. तपासणीस आलेला अभियंता सळयांवर उभा राहिला व त्यानं त्या उचलू दिल्या नाहीत. अभियंत्याचं नाव मुकुंद पाठक. सोबत छायाचित्र."

तात्यासाहेबांचा फोन आला. "अहो, चोर आणि फौजदार एकच?"

"एकच," मुकुंदराव म्हणाले.

नवी गॅलरी मल्हारीलाच मिळाली. सळया बांधून झाल्यावर त्यानं तपासणीला मुकुंदरावांनाच बोलावलं. ते आले, पण जिन्याच्या टोकाशीच घुटमळले. पुढं जायचा धीर होईना.

"या की साहेब," कस्तुराबाई म्हणाली, "फळी टाकलीया."

मुकुंदरावांनी आधी बूट काढले.