सुनेला सांगू नको

हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलात मी आठ वर्षं लघवीच्या विकारांच्या वॉर्डात नर्स आहे. परक्या म्हाताऱ्यांच्या लघवीचा रंग मी रोज बघते, मोजते, लिहून ठेवते. आणि माझ्याच घरात सासऱ्यांना सहा आठवडे लघवीतून रक्त जात होतं, ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. सुनेसमोर असलं बोलत नाहीत ना.

सासरे, काशिनाथराव, पुण्यात जन्मभर हेडमास्तर. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडे. नवरा परेश सॉफ्टवेअरमध्ये. अक्कल ऑफिसात ठेवून घरी येतो. बाप म्हणाला, "उन्हाळी लागलीय, उत्तराला सांगू नकोस," आणि या शहाण्याने ऐकलं. मग पुण्याला श्यामकाकांना फोन. ते रिटायर झाल्यावर पुस्तकं वाचून डॉक्टर झालेले. त्यांनी धणे-जिऱ्याचं पाणी सांगितलं, पोटभर. लघवी थेंब थेंब व्हायला लागली तरी बापलेक पाणी वाढवतच राहिले.

जुलैतल्या एका सकाळी ते उलट्या करत उठले. पाय सुजलेले. पोटाला हात लावला तर मूत्राशय बेंबीपर्यंत फुगलेलं.

"बाबा, लघवी कधी झाली शेवटची?"

त्यांनी परेशकडे पाहिलं. परेशने कार्पेटकडे.

माझ्याच वॉर्डात नेलं. रक्ताच्या गाठींनी वाट बंद झाली होती आणि तुंबलेल्या लघवीचा दाब मूत्रपिंडांवर गेला होता. नळी घालताना सासरे कण्हत म्हणाले, "परेश, तिला बाहेर पाठव." मी गेले नाही. मूत्रपिंडं वाचतील का, एवढंच डोक्यात होतं.

वाचली नाहीत. महिन्याभराने डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डायलिसिस आता कायमचं. परेश रडायला लागला. मला त्याची कीवही आली नाही.

"उत्तरा, यू डिडन्ट नोटिस एनिथिंग?" बाईंनी विचारलं.

दोघांचे वाभाडे काढायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. ते सहा आठवडे सासरे आतले कपडे मशिनमध्ये टाकत नव्हते. शॉवरखाली हाताने धुऊन स्वतःच वाळत घालत होते. मी पाहिलं होतं. हेडमास्तरांची शिस्त म्हणून मैत्रिणींत हसलेही होते. एक काम कमी झालं, म्हणून बरंच वाटलं होतं मला.